घरी चिंचिला पाळायचा तर: आधी खोली, मग पिंजरा, मग प्राणी

चिंचिला हा उंदीर-खारींच्या गटातला लहान, कुरतडणारा प्राणी. तो पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव त्याच्या लवीवर जडतो. टपोरे डोळे, गोल पातळ कान, झुपकेदार शेपटी आणि बोट टेकवलं की आत रुतावं इतकी दाट, मऊ लव. मग प्राणी आधी घरी येतो आणि पिंजरा, खाणं, हवा यांचा विचार मागाहून होतो. चिंचिलाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो. त्याच्या जिवावर बेतणाऱ्या बहुतेक गोष्टी तो घरात येण्याआधीच ठरलेल्या असतात: खोलीचं तापमान, हवेतला दमटपणा, पिंजऱ्याचा तळ आणि पुढ्यात पडणारं खाणं.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या आन्डीज पर्वताचा. कोरडे, खडकाळ उतार, खुरटी झुडपं, गार रात्री. दिवसा कपारीत पडून राहायचं आणि अंधार पडला की बाहेर येऊन चरबट गवत, पाला, साली कुरतडायच्या, असं त्याचं जगणं. घराघरांत दिसणारे चिंचिला लांब शेपटीच्या जातीचे वंशज आहेत. कातडीसाठी त्यांची इतकी शिकार झाली की त्यांच्या रानटी जाती आजही धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहेत. १९२३ साली मॅथायस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण अभियंत्याने मोजके चिंचिला चिलीहून कॅलिफोर्नियाला नेले. डोंगरावरून त्यांना त्याने टप्प्याटप्प्याने खाली उतरवलं आणि जहाजावर पिंजरे गार राहावेत म्हणून बर्फाची सोय केली. त्यानंतर कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या, पण लव आणि आतडी डोंगरातल्या प्राण्याचीच राहिली आहेत.

पायरी १: आणायचा की नाही, हे ठरवा

नीट सांभाळलेला चिंचिला १० ते १५ वर्षं जगतो, काही २० वर्षांपर्यंतही जातात. तेव्हा हा निर्णय आजचा नाही, पुढच्या दीड दशकाचा आहे. शिक्षण, नोकरी, घर बदलणं हे सगळं त्यात येणार.

तो संध्याकाळी जागा होतो आणि रात्रभर उड्या मारतो, कुरतडतो, चाकावर धावतो. झोपायच्या खोलीत पिंजरा ठेवायचा विचार असेल तर हे आधी लक्षात घ्या. मांडीवर घेऊन बसायला मिळेल, अशी अपेक्षा असेल तर निराशा होईल. चिंचिला माणसाला ओळखतो, हातावर येतो, खांद्यावर उडी मारतो, पण धरून ठेवलेलं बहुतेकांना आवडत नाही. म्हणून लहान मुलांसाठी मी हा प्राणी सुचवणार नाही. मुलं प्रेमाने घट्ट धरतात आणि त्याच्या बरगड्या नाजूक असतात.

घरात कोणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर सुक्या गवताचा आणि धूळस्नानाचा (तो तलम धुळीत लोळून अंग साफ करतो, त्याचा) त्रास होऊ शकतो. आपल्या भागात हा प्राणी पाळण्याबाबत काय नियम आहेत ते पाहून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ससे, गिनिपिग, चिंचिला अशा लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळपास आहे का, हे प्राणी आणण्याआधी शोधा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला यांची माहिती असतेच असं नाही, आणि प्राणी आजारी पडल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

पायरी २: खोली

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

चिंचिलाला १५ ते २१ अंश सेल्सियस तापमान मानवतं. २४-२५ अंशांपर्यंत बहुतेकांचं निभावतं. त्यापुढे काळजीची बाब, आणि २७ च्या वर उष्माघाताचा खरा धोका. दमटपणा ५० टक्क्यांच्या आत असलेला बरा, कारण हवा दमट असेल तर एरवी चालणारं तापमानही अंगावर येतं. त्याच्या त्वचेतल्या एकेका छिद्रातून ५० हून जास्त केस येतात. ही लव अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. त्याला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग निववणंही जमत नाही. ऊब बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कान आहेत, ते पातळ कान.

म्हणूनच नुसता पंखा लावून भागत नाही. पंख्याचा वारा आपल्याला गार वाटतो तो घाम वाळतो म्हणून. घामच नसेल तर तो वारा गरम हवा इकडून तिकडे ढकलतो एवढंच. जिथे वर्षातले काही महिने उकाड्याचे असतात तिथे एसीला पर्याय नाही, आणि तो माणसं घरात असोत-नसोत चालू ठेवावा लागतो. हे जमणार नसेल तर चिंचिला आणू नये. मला हा प्राणी फार आवडतो, आणि म्हणूनच हे इतकं स्पष्ट लिहितो आहे.

खोली ठरली की तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं मापक घ्या आणि ते पिंजऱ्याच्या उंचीवर लावा. खोलीच्या दारापाशी २२ दाखवणारं मापक खिडकीजवळच्या पिंजऱ्यावर २६ दाखवू शकतं. प्राणी आणण्याआधी निदान आठवडाभर, विशेषतः दुपारचे आकडे बघा. पिंजऱ्यावर थेट ऊन पडता कामा नये. एसीचा झोतही थेट त्याच्यावर नको. टीव्ही, स्पीकर, स्वयंपाकघराचा धूर आणि सतत उघडमीट होणारं दार यांपासून पिंजरा लांब असावा. एक-दोन बाजू भिंतीला लागून असल्या की प्राणी निर्धास्त राहतो.

वीज गेली तर काय, याची तयारी आजच करा. ग्रॅनाइट किंवा संगमरवराची एखादी लादी पिंजऱ्यात कायम असू द्या, उकडलं की तो आपणहून तिच्यावर अंग पसरून पडतो. पाण्याच्या दोन-तीन बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवा आणि गरज पडली की कापडात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवा. आत ठेवल्या तर तो प्लास्टिक कुरतडेल.

कान लालबुंद होऊन त्यांवरच्या शिरा उठून दिसणं, आडवं पडून राहणं, जोरजोरात श्वास, तोंडाला लाळ, हाक मारली तरी न हलणं ही उष्माघाताची लक्षणं. लगेच गार खोलीत न्या, कानांना आणि तळव्यांना गार पाण्यात पिळलेलं फडकं हलकेच लावा, आणि तसंच पशुवैद्याकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, अचानक बसणारा गारठाही जिवावर बेततो.

पायरी ३: पिंजरा

चिंचिला उड्या मारणारा प्राणी आहे, त्यामुळे पिंजऱ्याला लांबी-रुंदीइतकीच उंचीही हवी. जोडीसाठी साधारण ९० सेंटीमीटर रुंद, ६० खोल आणि १२० उंच, याहून लहान मी घेणार नाही. मात्र उंची दिली म्हणजे पडायची जागाही दिली. फळ्या अशा बसवा की वरून थेट तळापर्यंत पडायला कुठेही मोकळी सरळ पोकळी राहणार नाही. एका फळीपासून दुसरीपर्यंत १५ ते २० सेंटीमीटरचं अंतर पुरतं. पिल्लं आणि म्हाताऱ्या प्राण्यांसाठी आणखी कमी.

पिंजरा धातूचा घ्या, कारण प्लास्टिकचा तळ किंवा कोपरे तो खाऊन टाकतो आणि ते तुकडे आतड्यात अडकतात. जाळीच्या तारांमधलं अंतर दीड सेंटीमीटरच्या आत असावं. तळ मात्र जाळीचा अजिबात नको. चिंचिलाचं मागच्या पायाचं नडगीचं हाड लांब आणि काडीसारखं बारीक असतं. जाळीत पाय अडकला आणि त्याने दचकून उडी मारली की ते हाड मोडतं. शिवाय सतत तारेवर बसून तळव्यांना घट्टे पडतात, मग जखमा होतात. जाळीच्या तळाचा पिंजरा आधीच घेतला असेल तर त्यावर लाकडी फळी किंवा घट्ट विणीचं फ्लीसचं कापड अंथरा.

फळ्या साध्या, रंग-पॉलिश न केलेल्या, भट्टीत सुकवलेल्या पाइनच्या चालतात. त्या कुरतडल्या जाणारच, अधूनमधून बदलाव्या लागतात. देवदाराचं लाकूड आणि त्याचा भुसा टाळा, त्यातला उग्र वास देणारा अंश फुप्फुसांना आणि यकृताला बाधतो. अंथरायला ॲस्पेनचा भुसा, कागदाचं तयार अंथरूण किंवा फ्लीस वापरा. मांजराची गुठळ्या होणारी वाळू पोटात गेली तर घात करते.

आत आणखी काय लागतं? अंग आक्रसून बसता येईल असं लाकडी घरटं, प्रत्येकाला एक. गवताची जाळी. तारेला अडकवता येणारी, धातूच्या नळीची पाण्याची बाटली, शक्यतो काचेची. जड चिनी मातीचं भांडं. चाक ठेवायचं तर घट्ट पृष्ठभागाचं आणि निदान ३८ ते ४० सेंटीमीटर व्यासाचं हवं. लहान चाकात पाठ उलटी वाकते आणि आऱ्यांच्या चाकात पाय जातो. हॅमस्टरसाठी मिळणारा प्लास्टिकचा बंद चेंडू चिंचिलासाठी कधीच वापरू नका. आतली हवा तापते आणि तो बाहेर पडू शकत नाही.

पायरी ४: प्राणी निवडणं

शक्य असेल तर संध्याकाळी बघायला जा, दिवसा सगळेच गुंगीत असतात. डोळे स्वच्छ आणि कोरडे असावेत, हनुवटी आणि छाती ओली नसावी, शेपटीखालचा भाग स्वच्छ असावा, अंगावर लव कुरतडल्याचे आखूड, काळपट पट्टे नसावेत. समोरचे पटाशीचे दात पाहायला मागा. मोठ्या चिंचिलाचे दात पिवळे-नारिंगी असतात आणि तसेच असायला हवेत. पांढरेफटक दात दिसले तर काहीतरी बिनसलं आहे असं समजा.

चिंचिला कळपात राहणारा प्राणी आहे, म्हणून मी नेहमी जोडी घ्या असं सांगेन. एकत्र वाढलेली दोन भावंडं, दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या, हा सगळ्यात सोपा मार्ग. नर-मादी ठेवायचे तर नराचं खच्चीकरण करून घ्या आणि त्यानंतरही निदान सहा आठवडे त्यांना वेगळं ठेवा. लिंग ओळखताना भलेभले चुकतात, कारण मादीची मूत्रनलिका शंकूसारखी बाहेर आलेली असते आणि ती नराच्या इंद्रियासारखीच दिसते. खूण अशी की मादीत हा शंकू आणि गुदद्वार जवळजवळ चिकटून असतात, नरात दोन्हींमध्ये मोकळी जागा दिसते. शंका असेल तर डॉक्टरकडून खात्री करून घ्या.

घरात आधी एक असेल आणि दुसरा आणायचा असेल तर घाई नको. पिंजरे शेजारी ठेवा, पण एकमेकांच्या पायाला चावा घेता येणार नाही इतकं अंतर राखून. काही दिवसांनी अंथरूण आणि धूळस्नानाचं भांडं आलटूनपालटून द्या, म्हणजे वास ओळखीचा होतो. मग दोघांनाही परक्या असलेल्या जागेत, तुमच्या देखत, थोडा थोडा वेळ सोडा. पाठलाग, थोडं गुरगुरणं चालतं. लव उडायला लागली, रक्त दिसलं तर ताबडतोब वेगळं करा. काहींचं कधीच जमत नाही, तेव्हा दोन पिंजरे कायमचे.

पायरी ५: पहिले दिवस आणि हाताळणं

घरी आणल्यावर दोन-तीन दिवस त्याला त्याच्या जागी राहू द्या. खाणं-पाणी द्या, जवळ बसून हळू आवाजात बोला, हात मात्र घालू नका. आधीच्या मालकाकडचंच खाणं पहिल्या आठवड्यात चालू ठेवा. मग रोज संध्याकाळी, तो जागा झाला की, तळहात वर करून पिंजऱ्याच्या दाराशी ठेवा. तो येऊन वास घेईल, दाताने हलकंसं चाचपून पाहील. तेव्हा हात झटकन मागे घेऊ नका. काही दिवसांत पुढचे दोन पाय तळहातावर येतात, मग अख्खा प्राणी. काहींना याला आठवडे लागतात, काहींना महिने.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि लगेच आपल्या अंगाशी टेकवायचा. छाती आवळू नका. वरून झडप घातल्यासारखा हात आणू नका, शिकारी पक्षी तसाच येतो. घाबरला किंवा लव पकडली गेली की तो लवीचा अख्खा झुपका सोडून देतो आणि निसटतो. शत्रूच्या तोंडात केस राहावेत आणि आपण सुटावं ही त्याची युक्ती. ती जागा गुळगुळीत दिसते, दुखत नाही, पण केस नीट भरून यायला काही महिने लागतात. शेपटीच्या टोकाला धरून कधीच उचलू नका, कातडी सोलवटते.

मागच्या पायांवर उभी राहून मादी मूत्राची पिचकारी मारते तेव्हा ती ‘मला एकटी सोड’ एवढंच सांगते आहे. रात्री अचानक भुंकल्यासारखा आवाज आला तर कशाने तरी तो बिचकला आहे. जाऊन बघा, शांतपणे बोला.

पायरी ६: खाणं

सुकं गवत, सुकं गवत आणि सुकं गवत. टिमोथी, ऑर्चर्ड ग्रास किंवा तत्सम कोरडं, हिरवट, सुवासिक गवत चोवीस तास समोर हवं. कुबट वासाचं, ओलसर, काळं पडलेलं गवत फेकून द्या. गवताचं काम दुहेरी आहे. चिंचिलाचे सगळेच्या सगळे २० दात, पटाशीचे आणि दाढाही, जन्मभर वाढत राहतात. लाकूड कुरतडून पटाशीचे दात झिजतात, पण दाढा झिजतात त्या तासन् तास गवत रवंथल्यासारखं दळल्यानेच. दुसरं काम पोटाचं. त्याचं अन्न मोठ्या अंधांत्रात, म्हणजे आतड्याच्या पिशवीसारख्या भागात, जिवाणूंच्या साहाय्याने आंबतं आणि त्या जिवाणूंना धागेदार चोथाच लागतो. चोथा कमी आणि साखर-पिष्ट जास्त झालं की नको ते जिवाणू माजतात, वायू धरतो, आतडी थंडावतात. आणि चिंचिलाला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं परत फिरत नाही.

गवताच्या जोडीला चिंचिलासाठीच्या साध्या पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या, मोठ्या प्राण्याला दिवसाला एक ते दोन मोठे चमचे. सगळे तुकडे एकसारखे दिसणारे घ्या. पाकिटात बिया, मका, सुकामेवा, रंगीत दाणे मिसळलेले असतील तर तो फक्त ते गोड वेचून खातो आणि उरलेलं ठेवतो. चोथा १८ टक्के किंवा अधिक, स्निग्धांश ५ टक्क्यांच्या आत असावा. पाकीट एकदम मोठं घेऊ नका, डबा हवाबंद ठेवा. नवं खाणं सुरू करायचं तर जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत बदला. लसूणघास म्हणजे अल्फाल्फा वाढत्या पिल्लांना, गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना. इतरांना तो रोज दिला तर कॅल्शियम जास्त होऊन मूतखड्याची भीती.

लाडाने काय द्यावं? बेदाणे, केळं, सफरचंदाची फोड, शेंगदाणे, बिया, बिस्कीट यातलं काहीही नको. एका बेदाण्याने काय होतंय, असं सगळ्यांनाच वाटतं, पण त्याच्या आकाराच्या मानाने तो साखरेचा मोठा घास असतो, आणि तो मागायला शिकतो. त्याऐवजी सुकवलेली गुलाबाची पाकळी, चिमूटभर साधे ओट्स आठवड्यातून एक-दोनदा, किंवा कुरतडायला सफरचंदाची वा विलोची वाळलेली काडी द्या. औषध न मारलेल्या झाडाची काडी घासून धुऊन पूर्ण वाळवावी लागते. चेरी, प्लम, जर्दाळू आणि लिंबू-संत्र्याच्या कुळातली लाकडं देऊ नका.

पाणी रोज बदला. बाटलीच्या नळीतला गोळा अडकत नाही ना, हे बोट लावून बघा. भरलेली बाटली पाहून आपण निश्चिंत होतो आणि नळी बंद असते, असं फार वेळा घडतं. दिवसा तो वाकून मागून काहीतरी तोंडात घेताना दिसेल. मऊ लेंड्या परत खाऊन त्यातली पोषणद्रव्यं मिळवणं हा त्याच्या पचनाचाच भाग आहे, अडवू नका.

पायरी ७: धूळस्नान

चिंचिलाला पाण्याने आंघोळ घालायची नाही. दाट लवीत शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही, खाली बुरशी धरते, प्राणी गारठतो. चुकून भिजलाच तर टॉवेलने टिपून कोरड्या, वारा नसलेल्या जागी ठेवा.

त्याची आंघोळ धुळीची. त्यासाठी ज्वालामुखीची राख किंवा प्यूमिसपासून केलेली, पिठाहून तलम खास धूळ मिळते. ती लवीच्या मुळापर्यंत जाऊन तेल आणि ओल शोषते. बाजारातली ‘चिंचिला सँड’ बऱ्याचदा खरखरीत वाळू असते, ती केस तोडते आणि आत पोचत नाही. चिमटीत घेऊन चोळून पाहा, कण टोचले तर नको. टाल्कम पावडर तर नकोच, ती फुप्फुसात जाते.

जड, न कलंडणाऱ्या भांड्यात दोन-तीन सेंटीमीटर धूळ घाला आणि संध्याकाळी पिंजऱ्यात ठेवा. आधी तो कडेवर पुढचे पाय ठेवून मिशा हलवत आत डोकावतो, नाकाने धूळ जराशी उकरतो. मग आत शिरून एका अंगावर पडतो आणि डोळ्याला दिसू नये इतक्या झपाट्याने गरकन फिरतो. उठतो, कान झटकतो, पुन्हा दुसऱ्या अंगाने. शेवटी अंग फुलवून झाडतो आणि खोलीभर धूर होतो. रोज पाहिलं तरी मला याचा कंटाळा येत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी भांडं काढून घ्या, नाहीतर तो त्यातच लघवी करतो. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, दमट हवेत एखाद वेळ जास्त. त्वचेवर कोंडा दिसला किंवा डोळे पाणावले तर कमी करा. लेंड्या चाळून तीच धूळ काही वेळा वापरता येते, ओलसर गुठळ्या दिसल्या की टाकून द्या. डोळ्याला संसर्ग, उघडी जखम किंवा नुकतीच व्यालेली मादी असेल तर धूळस्नान थांबवा. व्यालेल्या मादीला आठ-दहा दिवस तरी नको.

पायरी ८: पिंजऱ्याबाहेर

रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास मोकळं सोडा, पण बंद खोलीत आणि तुम्ही तिथे असताना. आधी जमिनीवर बसून, त्याच्या उंचीवरून खोली बघा. विजेच्या वायरी, जुना रंग, घरातली झाडं, कपाटामागची फट, उघडी बादली दिसली की बंदोबस्त करा. डोकं मावतं तिथे चिंचिला मावतो, इतकं धरून चाला. दाराला आतून कडी घाला आणि पाऊल टाकताना खाली बघा. घरात कुत्रा-मांजर असेल तर ते कितीही गुणी असलं तरी खोलीबाहेर. परत पिंजऱ्यात घालायला मागे धावू नका. धुळीचं भांडं पुढे केलंत तर तो आपणहून आत बसतो, मग भांड्यासकट उचला.

पायरी ९: साफसफाई आणि वजन

रोज ओलं अंथरूण काढा, उरलेल्या पेलेट्स फेका, बाटली धुवा. आठवड्यातून एकदा सगळं बदलून फळ्या व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा. बहुतेक चिंचिला लघवी एकाच कोपऱ्यात करतात, तिथे धातूचा ट्रे ठेवला की काम हलकं होतं. लेंड्या मात्र सगळीकडे पडणार, त्याला इलाज नाही.

त्या लेंड्या झाडताना नीट बघा, रोज. निरोगी लेंडी लांबट, टणक, कोरडी, एकसारख्या आकाराची असते आणि दाबली तर चटकन फुटत नाही. ती बारीक, टोकदार, कमी पडायला लागली की खाणं किंवा पाणी कमी झालेलं असतं. दोन लेंड्या केसांनी जोडलेल्या दिसल्या तर लव पोटात जाते आहे. मऊ, चिकट लेंड्या म्हणजे पोट बिघडलं. चिंचिला आजार लपवतो, लेंड्या लपवत नाहीत.

आठवड्यातून एकदा ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. मोठ्या प्राण्याचं वजन साधारण ४०० ते ६०० ग्रॅम असतं, माद्या थोड्या जड. लव इतकी फुगीर असते की प्राणी रोडावला तरी डोळ्याला कळत नाही. नेहमीच्या वजनात दहा टक्के घट म्हणजे डॉक्टर, वाट न पाहता.

पायरी १०: आजार ओळखणं

*खाणं बंद.* अर्ध्या दिवसाहून जास्त काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आतडी थंडावण्याचं कारण दात, ताण, उकाडा, दुसरं दुखणं काहीही असू शकतं. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, प्राणी ताठ पसरून पडलेला किंवा सारखा कुशी बदलतो आहे, ही पोटफुगी, तिथे तास मोजायचे असतात.

*दात.* हनुवटी ओली, घास तोंडातून खाली पडणं, गवत सोडून मऊ तेवढंच खाणं, डोळ्यांतून पाणी. दाढांची मुळं जबड्यात उलट्या बाजूलाही वाढतात, हे बाहेरून दिसत नाही, एक्स-रे लागतो. वर्षातून एकदा दात तपासून घेणं शहाणपणाचं.

*त्वचा.* नाक, डोळे, कान, पाय यांभोवती लव जाऊन खवले दिसले तर बहुधा गजकर्ण. ते माणसालाही लागतं, हात धुवा. लव स्वतः कुरतडलेली दिसली तर उकाडा, आवाज, कंटाळा, खाणं सगळं तपासा.

*नराचं इंद्रिय.* त्याभोवती केसांचं कडं अडकून रक्त अडतं. महिन्यातून एकदा बघा, कडं दिसलं आणि सहज निघत नसलं तर ओढू नका, डॉक्टरकडे जा.

औषधांबद्दल एकच, पण जिवाचं: घरातलं कुठलंही प्रतिजैविक देऊ नका. तोंडावाटे दिलेली पेनिसिलिन गटातली औषधं, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि त्याने प्राणी दगावू शकतो. नवखा डॉक्टर असेल तर हे तुम्हीच नम्रपणे विचारा. चिंचिलाला नियमित लशी लागत नाहीत.

पिल्लांविषयी थोडक्यात

हौसेखातर पिल्लं काढू नका. गर्भकाळ तब्बल १११ दिवसांचा, पिल्लं साधारण एक ते तीन, डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊनच जन्मतात. व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून नराला आधीच बाजूला काढावं लागतं. दोन वेल्व्हेट किंवा दोन पांढऱ्या रंगांचे प्राणी एकमेकांशी लावत नाहीत, कारण दोन्हीकडून तेच जनुक मिळालेला गर्भ टिकत नाही. वंशावळ माहीत नसलेल्या जोडीतून वाकडे दातही पुढच्या पिढीत उतरतात. चुकून पिल्लं झालीच तर आठव्या आठवड्यापर्यंत नर पिल्लांना आईपासून आणि बहिणींपासून वेगळं करा.

घर सोडून जाताना

चिंचिलाला शक्यतो हलवू नका, सांभाळणाऱ्यालाच घरी बोलवा. निघण्याआधी त्याला एक-दोन संध्याकाळी सगळं करून दाखवा: किती चमचे, बाटलीची नळी कशी तपासायची, एसी किती अंशांवर, लेंड्या कशा दिसायला हव्यात. तापमानाची मर्यादा, खाणं बंद झाल्यास काय करायचं आणि पशुवैद्याचा नंबर एका कागदावर लिहून पिंजऱ्याजवळ, पण चिंचिलाच्या दातांपासून लांब चिकटवा. प्रवास टळणारच नसेल तर पक्क्या धातूच्या वाहक पेटीत भरपूर गवत घाला, गाडी त्याला आत ठेवण्याआधी गार करून घ्या, आणि थांबलेल्या गाडीत त्याला एक मिनिटही एकटं सोडू नका.